नोकरी गेल्यावर कोब्रा विम्यातून दोघांची व्यसनमुक्ती: अमेरिकेतल्या जोडप्यांसाठी

अमेरिकेत नोकरी गेली की तिच्याबरोबर आरोग्यविमाही जातो. ज्या घरात नवरा-बायको दोघंही दारूच्या किंवा गोळ्यांच्या आहारी गेलेले असतात, तिथे हे दोन्ही धक्के एकदमच बसतात. 'आता विमाच नाही, तर रिहॅब कुठलं?' असं म्हणून कित्येक जण उपचारांचा विषय तिथेच सोडून देतात. पण बहुतेकांचा विमा खरं तर गेलेला नसतो. कोब्रा नावाच्या केंद्रीय कायद्यानुसार तोच विमा, तेच कार्ड आणि तेच डॉक्टर साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतात. त्यासाठी पैसे मोजावे लागतात आणि तारखा काटेकोरपणे पाळाव्या लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. विमा कंपनीच्या लेखी 'जोडपं' असा रुग्ण नसतो. तिच्या लेखी दोन स्वतंत्र रुग्ण असतात. दोघांचं निदान वेगळं, मंजुरी वेगळी, बिलं वेगळी. कोब्राचा हक्कसुद्धा दोघांना वेगवेगळा मिळतो. जी जोडपी कागदावर वेगळी राहून उपचारांत एकत्र राहतात, त्यांचं काम मार्गी लागतं. दोघांसाठी एकच अर्ज आणि एकच मंजुरी मागणाऱ्यांचं घोडं मात्र पहिल्याच फोनला अडतं.

आधी जीव, मग कागद

नोकरी गेल्याच्या रागात किंवा पश्चात्तापात 'उद्यापासून एक थेंबही नाही' असं ठरवणारे अनेक असतात. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, ताप आणि प्रचंड थरथर असलेली गंभीर अवस्था येऊ शकते. झॅनॅक्स, क्लोनोपिन यांसारख्या चिंतेवरच्या गोळ्यांचंही तसंच आहे. दोघंही एकाच वेळी बंद करणार असतील तर एकमेकांवर लक्ष ठेवायला घरात कोणी शुद्धीवर उरणार नाही. म्हणून दारू किंवा या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

विमा चालू आहे की बंद, हे न कळताच तशी वेळ आली तर ९११ ला फोन करा किंवा सरळ इमर्जन्सी रूममध्ये जा. विमा नसला तरी तपासून प्रकृती स्थिर करणं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) घेणाऱ्या रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक आहे. हे बंधन घालणारी तरतूद १९८६ साली लागू झालेल्या त्याच कोब्रा कायद्यातून आली. बिल येईल, पण विमा मागाहून चालू केला तर तेही त्यात बसू शकतं. ते कसं, ते पुढे येईलच.

अफू गटातल्या गोळ्या, हेरॉइन किंवा फेंटानिल यांचा प्रश्न असेल तर घरात नॅलोक्सोनचा, म्हणजे अतिमात्रेचा परिणाम उतरवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा फवारा ठेवा. २०२३ पासून तो चिठ्ठीशिवाय मिळतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस प्राणघातक ठरतो. डिटॉक्सहून परतलेल्या जोडप्यात एकाचा जरी पाय घसरला, तरी दुसऱ्याला हा फवारा वापरता आला पाहिजे.

नोकरी अजून हातात असेल तर

कंपनीत कपातीची कुजबुज सुरू आहे, पण पत्र अजून आलेलं नाही. अशा अवस्थेत हे वाचत असाल तर कोब्रापेक्षा चांगला रस्ता अजून खुला आहे. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत किमान १२ महिने आणि त्या काळात १,२५० तास काम केलेलं असेल, तर एफएमएलए कायद्याखाली १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. वैद्यकीय देखरेखीखालचे व्यसनाचे उपचार त्यात बसतात. जोडीदाराच्या उपचारांत सोबत राहण्यासाठीही ही रजा घेता येते. रजेच्या काळात कंपनी तुमचा विमा पूर्वीच्याच दराने चालू ठेवते. हे संरक्षण उपचारांसाठी घेतलेल्या रजेला आहे, नशेमुळे पडलेल्या खाड्यांना नाही. म्हणून आधी डॉक्टरांकडून कागद घ्या, मग एचआरकडे जा.

हक्क कोणाला

कोब्रा लागू होतो तो २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना आणि राज्य व स्थानिक सरकारांना. कंपनी त्याहून लहान असेल तर राज्याचा कायदा बघा. कॅलिफोर्नियात २ ते १९ कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांसाठी कॅल-कोब्रा आहे आणि त्यात ३६ महिन्यांपर्यंत विमा मिळतो. न्यूयॉर्कमध्येही छोट्या कंपन्यांसाठी अशीच ३६ महिन्यांची सोय आहे. न्यू जर्सीत लहान कंपन्यांसाठी वेगळा राज्य कायदा आहे.

नोकरी गेली किंवा कामाचे तास कमी झाल्याने विमा सुटला, तर १८ महिने मिळतात. तुम्ही स्वतः राजीनामा दिला तरी हक्क राहतो. अपवाद एकच, घोर गैरवर्तनामुळे काढलं असेल तर. व्यसनी माणसाच्या मनात इथेच भीती शिरते: 'मला तर प्यायलेल्या अवस्थेत ऑफिसात सापडलो म्हणून काढलं, मग मला काय मिळणार?' कायद्यात घोर गैरवर्तनाची नेमकी व्याख्याच दिलेली नाही, आणि कामावरून काढलं म्हणजे आपोआप घोर गैरवर्तन ठरत नाही. लेखी नकार हातात येईपर्यंत हक्क गेला असं धरून चालू नका. नकार आला तर कामगार खात्याच्या ईबीएसए विभागाला १-८६६-४४४-३२७२ वर फोन करा. तिथले सल्लागार फुकट मदत करतात आणि कंपनीशी बोलतातसुद्धा.

आता जोडप्याचं. नोकरी गेली त्याच्या आदल्या दिवशी जो जोडीदार त्या विम्यात होता, त्याला स्वतःचा वेगळा हक्क मिळतो. नवऱ्याने कोब्रा नाकारला तरी बायको एकटीने घेऊ शकते. दोघं घेऊ शकतात, किंवा एकाने कोब्रा आणि दुसऱ्याने वेगळाच विमा असंही करता येतं. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला मात्र, तो कंपनीच्या विम्यात असला तरी, केंद्रीय कायद्याने स्वतःचा कोब्रा हक्क मिळत नाही. काही कंपन्या आपणहून देतात, तेव्हा विचारायलाच हवं.

एच-वन-बी आणि एच-फोर व्हिसावरच्या आपल्या मंडळींसाठी: कोब्राचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. खासगी विमा असल्याने पब्लिक चार्जच्या (सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याच्या) हिशेबात तो तुमच्या विरोधात जात नाही. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मात्र व्हिसाच्या घड्याळावर वेगळी चालू असते. तिचा आणि कोब्रा निवडण्यासाठी मिळणाऱ्या ६० दिवसांचा काही संबंध नाही. आकडा तोच असल्यामुळे गोंधळ होतो. डीयूआयची, म्हणजे नशेत गाडी चालवल्याबद्दल, अटक झाली असेल किंवा ग्रीन कार्डची वैद्यकीय तपासणी जवळ आली असेल, तर उपचार थांबवू नका, पण इमिग्रेशन वकिलाशी लवकर बोला. व्यसनाचं निदान त्या तपासणीत विचारलं जातं.

लिफाफा आणि तारखा

कोब्राची नोटीस बहुधा कंपनीकडून येत नाही. कंपनीने नेमलेल्या तिसऱ्याच संस्थेकडून, कधी न ऐकलेल्या नावाने, साध्या पांढऱ्या लिफाफ्यात टपालाने येते. क्रेडिट कार्डाच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात ती सहज हरवते. त्यात घरात कोणी टपालच उघडत नसेल, आणि व्यसन असलेल्या घरात तसं होतंच, तर मुदत परस्पर संपते. शेवटच्या दिवशी एचआरला ईमेल करून तीन गोष्टी लेखी घ्या: विमा नेमका कोणत्या तारखेला संपतो (काहींचा त्याच दिवशी, काहींचा महिनाअखेरीस), कोब्राचं काम कोणती संस्था बघते, आणि त्यांच्याकडे तुमचा पत्ता कोणता आहे.

कायद्याने कंपनीने ३० दिवसांत योजनेच्या प्रशासकाला कळवायचं आणि त्याने १४ दिवसांत तुम्हाला नोटीस पाठवायची. नोटिशीची तारीख किंवा विमा संपल्याची तारीख, यातली जी नंतरची असेल तिथपासून तुम्हाला निवड करायला किमान ६० दिवस मिळतात. निवड केल्यापासून पहिला हप्ता भरायला ४५ दिवस. त्यानंतर दर महिन्याच्या हप्त्याला ३० दिवसांची सवलत. पहिला हप्ता भरला की विमा मागच्या तारखेपासून, म्हणजे जिथे तुटला होता तिथपासून जोडला जातो. मधल्या काळातलं इमर्जन्सीचं बिल म्हणूनच त्यात बसू शकतं.

या मागच्या तारखेच्या सोयीमुळे काही जण सल्ला देतात की ५९ दिवस थांबा, काही झालं तरच घ्या. धडधाकट माणसाला ते चालेल. तुम्हाला चालणार नाही. रिहॅबच्या प्रवेश कक्षातून विमा तपासला जातो तेव्हा विमा कंपनीच्या संगणकावर 'बंद' असं दिसतं आणि खाट मिळत नाही. नियमाप्रमाणे रुग्णालयाने चौकशी केली तर योजनेने 'यांना कोब्रा घेण्याचा हक्क आहे आणि घेतल्यास विमा मागच्या तारखेपासून लागू होईल' हे सांगायला हवं. पण शुक्रवारी संध्याकाळी फोन घेणाऱ्या माणसाला ते ठाऊक असेलच असं नाही. उपचार हवे असतील तर पहिल्याच आठवड्यात निवड करा, लगेच हप्ता भरा आणि विमा पुन्हा चालू झाल्याचं पत्र ईमेलवर मागून घ्या. टपालाने अर्ज पाठवत असाल तर सर्टिफाइड मेलने पाठवा. टपालाच्या शिक्क्याची तारीखच ग्राह्य धरली जाते.

पैशाचा हिशेब

कोब्रात पूर्ण हप्ता तुमच्यावर येतो. म्हणजे तुमचा वाटा, कंपनीचा वाटा आणि वर २ टक्के. केएफएफ या संस्थेच्या २०२५ च्या पाहणीप्रमाणे कंपनीच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता एका माणसासाठी ९,३२५ डॉलर आणि कुटुंबासाठी २६,९९३ डॉलर होता. कोब्राच्या हिशेबाने ते महिन्याला एकट्यासाठी सुमारे ७९० आणि कुटुंबासाठी सुमारे २,२९० डॉलर होतात. मुलं नसतील तर दोघांनी 'कुटुंब' दर भरायचं कारण नाही. दोघांनी वेगवेगळा एकट्याचा कोब्रा घेतला तर किती आणि 'कर्मचारी अधिक जोडीदार' या दराने किती, हे दोन्ही आकडे मागा. मुलं असतील आणि त्यांना राज्याच्या योजनेतून विमा मिळण्यासारखा असेल तर तोही हिशेब मांडा.

हप्ता महाग असूनही व्यसनाच्या उपचारांत कोब्रा पुष्कळदा परवडतो. त्याचं कारण डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी तुम्ही स्वतः भरायची रक्कम. समजा नोकरी ऑक्टोबरमध्ये गेली आणि तोवर तुमचं ३,००० डॉलरचं डिडक्टिबल भरून झालं आहे. कोब्रात ते भरलेलंच राहतं, वर्षाअखेरीपर्यंत. मार्केटप्लेसचा (स्वतःसाठी विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजाराचा) नवा विमा घेतला तर ते शून्यापासून सुरू होतं, आणि निवासी उपचारांचं पहिलं बिलच ते गिळून टाकतं. नोकरी जानेवारीत गेली असेल तर हा फायदा उरत नाही. मग मार्केटप्लेस स्वस्त पडण्याची शक्यता बरीच. डिटॉक्सपासून पुढचा सगळा खर्च पकडला तर तुम्ही वार्षिक कमाल खर्चाच्या मर्यादेपर्यंत पोहोचणार असंच धरून चाला आणि दोन्ही बाजूंची बेरीज करा: उरलेल्या महिन्यांचे हप्ते अधिक त्या मर्यादेतली उरलेली रक्कम.

हातचं सोडायचं नाही म्हणून कोब्रा घेतला आणि नंतर महाग वाटला, तर काय? विमा सुटल्यापासून ६० दिवसांच्या आत असाल तर मार्केटप्लेसमध्ये जाता येतं. त्यानंतर आपणहून कोब्रा सोडला तर पुढच्या खुल्या नोंदणीपर्यंत दार बंद. कंपनी सेव्हरन्समध्ये (नोकरी जाताना मिळणाऱ्या मोबदल्यात) काही महिन्यांचा कोब्रा भरत असेल, तर तिचा वाटा संपताना मात्र पुन्हा एकदा विशेष नोंदणीची संधी मिळते. मार्केटप्लेसच्या सवलतींचे नियम बदलत आले आहेत, आणि २०२५ च्या कायद्यानुसार २०२७ पासून एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्यांना हप्त्यातली करसवलत मिळणार नाही. जोडीदाराची नोकरी चालू असेल तर सर्वात आधी त्याच्या कंपनीचा विमा बघा, पण तिथे मुदत फक्त ३० दिवसांची असते. एचएसए या उपचारांसाठीच्या करमुक्त बचत खात्यात पैसे असतील तर त्यातून कोब्राचा हप्ताही भरता येतो आणि उपचारांचा खर्चही. हप्त्यासाठी एचएसए वापरण्याची ही मुभा एरवी नसते.

विमा कंपनीला फोन

इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका. 'थोडं समुपदेशन हवं होतं' असं म्हटलंत तर समुपदेशनाचीच माहिती मिळेल. कार्डाच्या मागे 'बिहेवियरल हेल्थ' असा वेगळा क्रमांक असतो, कारण व्यसनाचं काम बऱ्याचदा दुसरीच कंपनी बघते. एका कॉलमध्ये एका माणसाबद्दल बोला, मग दुसऱ्या सदस्य क्रमांकासाठी तेच पुन्हा विचारा. दोघंही बाजूला बसा, कारण प्रत्येकाला स्वतःबद्दल बोलण्याची परवानगी स्वतः द्यावी लागते.

विचारायचं ते असं: डिटॉक्स, निवासी उपचार, पार्शल हॉस्पिटलायझेशन (दिवसा केंद्रात उपचार, रात्री घरी) आणि इंटेन्सिव्ह आउटपेशंट (घरी राहून आठवड्यातले काही तास उपचार), या प्रत्येकाला कव्हर आहे का? कशाकशाला पूर्वमंजुरी लागते आणि ती कोण मागतं? नेटवर्कमधली, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेली, केंद्रं ५० मैलांत कोणती? नेटवर्कबाहेर गेलो तर किती टक्के मिळतात? ब्युप्रेनॉर्फिन, नॅल्ट्रेक्सोन या व्यसनावरच्या औषधांना मंजुरी लागते का? ९०८४७ या कोडखाली, म्हणजे रुग्ण हजर असताना होणाऱ्या कुटुंब-सत्रांना, कव्हर आहे का? शेवटी बोलणाऱ्याचं नाव, तारीख आणि कॉलचा संदर्भ क्रमांक वहीत लिहून घ्या. ही वही पुढे अपिलात कामी येते.

घरातली एखादी व्यक्ती इंग्रजीत हे सगळं बोलायला कचरत असेल, तर मराठी दुभाषी मागा. केंद्राचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांना आणि विमा योजनांना ही सोय फुकट द्यावी लागते. नवऱ्याने बायकोचं किंवा बायकोने नवऱ्याचं भाषांतर करणं व्यसनाच्या बाबतीत बरं नाही. दोघांनाही एकमेकांसमोर न सांगण्यासारखं काहीतरी सांगायचं असतं.

केंद्र निवडताना

इंटरनेटवर 'कपल्स रिहॅब' असं शोधलं की समुद्रकिनारा, दोघांची एकत्र खोली आणि 'तुमचा विमा आम्ही तपासतो' असं सांगणारे फोन क्रमांक येतात. त्यातले बरेच उपचार केंद्रांचे नसून दलालांचे असतात. फ्लोरिडाचं फुकट विमान तिकीट, 'तुमचा कोब्राचा हप्ता आम्हीच भरतो', 'कोपे (तुमच्या वाट्याचा खर्च) माफ' असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. रुग्ण पाठवण्यासाठी पैसे घेणं-देणं हा २०१८ च्या कायद्याने केंद्रीय गुन्हा आहे. अशा ठिकाणी तुमच्या विम्यावर भरमसाट लघवी-चाचण्यांची बिलं लागतात आणि मंजुरीचे दिवस संपले की तुम्ही रस्त्यावर.

केंद्र शोधायला सरकारी फाइंडट्रीटमेंट डॉट गव्ह ही साइट वापरा, किंवा सॅम्सा या सरकारी संस्थेच्या १-८००-६६२-४३५७ या चोवीस तास चालणाऱ्या फुकट क्रमांकावर बोला. राज्याचा परवाना आणि जॉइंट कमिशन किंवा कार्फ यांची मान्यता तपासा. दोघांना एकाच केंद्रात घेणारी ठिकाणं कमी आहेत, आणि माझ्या मते पहिल्या टप्प्यात त्यांच्या मागे धावायचीही गरज नाही. डिटॉक्स हा शरीराचा उपचार आहे, तो वेगळ्या खाटांवर होतो. एक दुखण्याने कळवळत असेल तर दुसरा त्याला घेऊन बाहेर पडतो, हे तिथल्या परिचारिकांनी पुष्कळ पाहिलेलं असतं. शहर तेच, नेटवर्क तेच, केंद्रं दोन, आणि दुसऱ्या टप्प्यापासून एकत्र सत्रं, अशी आखणी विम्यालाही पटते.

घरात मारहाण होत असेल तर एकत्र उपचार नकोतच. केंद्राने प्रत्येकाला एकटं बसवून हे विचारायला हवं. विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. १-८००-७९९-७२३३ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

पुण्याला जाऊन मुक्तांगणमध्ये उपचार घ्यावेत का, असंही काही जोडपी विचारतात. १९८६ पासून चाललेलं ते काम मोठं आहे, आणि आपल्या भाषेत, आपल्या माणसांत बरं होणं काहींना मानवतं. पण अमेरिकेतल्या योजना देशाबाहेर सहसा फक्त आणीबाणीचा खर्च देतात. तिकडे जायचं पक्कं असेल तर इथे कोब्राचे हप्ते भरत बसण्यात अर्थ नाही. व्हिसाचा विचार मात्र तिकीट काढायच्या आधी झाला पाहिजे.

मंजुरी, नकार, अपील

विमा कंपनी 'मेडिकल नेसेसिटी', म्हणजे उपचारांची वैद्यकीय गरज बघते, आणि व्यसनाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी त्याचं माप असतं एएसएएम (ASAM) या व्यसनोपचार डॉक्टरांच्या संघटनेचे निकष. त्यात पायऱ्या आहेत: साधं बाह्यरुग्ण, आठवड्याला ९ तासांपासून पुढचं इंटेन्सिव्ह आउटपेशंट, २० तासांपासून पुढचं पार्शल हॉस्पिटलायझेशन, मग निवासी, मग रुग्णालय. नवऱ्याला निवासी उपचारांची मंजुरी आणि बायकोला फक्त इंटेन्सिव्ह आउटपेशंटची, असं सर्रास होतं. तो अन्याय असेलच असं नाही. पण घरी आल्यावर तिच्याभोवती तेच घर, तीच बाटली आणि पिणारा जोडीदार असेल, तर ती गोष्ट निकषांतच मोडते. घरचं वातावरण हा एएसएएमच्या मूल्यमापनाचा भाग आहे. डॉक्टरांना ते नोंदवायला सांगा: 'जोडीदारही व्यसनाधीन, घर सुरक्षित नाही.' हे एक वाक्य फाईलमध्ये असणं महत्त्वाचं.

मंजुरी थोड्या थोड्या दिवसांची येते, आणि ती वाढवायला केंद्राचा माणूस विमा कंपनीशी फोनवर बोलत राहतो. तातडीच्या उपचारांत मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी वाढ मागितली, तर कंपनीला २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. नकार आला तर तुमच्या डॉक्टरांना त्यांच्या डॉक्टरांशी थेट बोलायला लावा. त्याला पिअर-टू-पिअर म्हणतात, आणि अनेकदा तिथेच निकाल फिरतो. नाही फिरला तर नकारापासून १८० दिवसांत अंतर्गत अपील करता येतं. तातडीचं अपील ७२ तासांत निकाली काढावं लागतं. तिथेही नकार आला तर चार महिन्यांत कंपनीबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे बाह्य पुनरावलोकन मागता येतं.

अपिलात सर्वात उपयोगी कायदा म्हणजे २००८ चा मानसिक आरोग्य आणि व्यसन समता कायदा. योजना व्यसनाचे उपचार देत असेल, तर शारीरिक आजारापेक्षा जास्त कडक अटी त्यांना लावता येत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर स्किल्ड नर्सिंगचा (नर्सिंग केंद्रात राहून घेतलेल्या देखभालीचा) खर्च देणारी योजना व्यसनाच्या निवासी उपचारांना सरसकट नाही म्हणत असेल, तर तिथे बोट ठेवा. योजनेची कागदपत्रं आणि नकारामागचे निकष लेखी मागा. स्वतःच्या पैशातून विमा चालवणाऱ्या मोठ्या कंपनीची तक्रार ईबीएसएकडे जाते, विमा कंपनीकडून विकत घेतलेल्या योजनेची राज्याच्या विमा खात्याकडे. तुमची कोणती, हे एचआरला एका ओळीत विचारा.

दोघांनी मिळून करायचं ते

जोडप्याच्या व्यसनावर ज्या उपचाराचा नीट अभ्यास झाला आहे, तो म्हणजे बिहेवियरल कपल्स थेरपी. साधारण १२ ते २० सत्रं असतात. त्यातली एक गोष्ट अगदी साधी आहे. रोज ठरलेल्या वेळी, समजा सकाळच्या चहाला, दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, 'कालचा दिवस मी प्यायलो नाही, आजही न पिण्याचा माझा निश्चय आहे, तू साथ दिलीस त्याबद्दल आभार.' दुसरा आभार मानतो आणि हवी ती मदत विचारतो. औषध असेल तर ते समोर घेतलं जातं. कॅलेंडरवर खूण होते. मग भूतकाळ उकरायचा नाही, आरोप करायचे नाहीत, ते सगळं सत्रासाठी राखून ठेवायचं. दोघंही व्यसनात असतील तर दोघंही आळीपाळीने म्हणतात. दोघांनाही सोडायचंच असेल तेव्हाच याचा उपयोग. एकालाच सोडायचं असेल तर आधी वैयक्तिक उपचार.

विम्याच्या बाजूने घोळ होतो तो निदानाच्या कोडवर. 'वैवाहिक तक्रारी' असा झेड गटातला कोड मुख्य निदान म्हणून लागला तर बिल बहुधा परत येतं. सत्र एका रुग्णाच्या व्यसनाच्या निदानाखाली, कुटुंब-सत्र म्हणून लिहिलं जावं, अर्थात खरोखर त्या उपचारांसाठीच असेल तर. थेरपिस्टशी पहिल्याच दिवशी हे बोला. नोंदी कोणाच्या फाईलमध्ये राहणार, हेही विचारा. व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना ४२ सीएफआर पार्ट २ या नियमांचं वेगळं संरक्षण आहे, आणि लेखी संमतीशिवाय जोडीदारालाही माहिती मिळत नाही. म्हणून दोघांनी एकमेकांसाठी संमतीपत्र भरावं, आणि त्यात कोणती माहिती, किती काळासाठी, हे मोजकं लिहावं.

दोघंही ब्युप्रेनॉर्फिनवर असतील तर दोन कुलूपबंद डबे ठेवा. एकमेकांचा डोस उसना घेतला तर दोघांचीही औषधयोजना विस्कटते.

आत जायच्या आधी

निवासी केंद्रात पहिले काही दिवस फोन काढून घेतात. दोघंही आत, आणि हप्त्याची तारीख तेव्हाच आली, तर सवलतीचे ३० दिवस बघता बघता उडतात. एकदा हप्ता चुकून कोब्रा संपला की योजनेला तो पुन्हा चालू करण्याचं बंधन नाही. ऑटोपे लावा आणि ज्या खात्यातून पैसे जाणार तिथे दोन महिन्यांची रक्कम ठेवा. शिवाय एका विश्वासू माणसाला, बहीण असो की जुना मित्र, विमा कंपनीकडे अधिकृत प्रतिनिधी म्हणून नोंदवा. म्हणजे तो तुमच्या वतीने बोलू शकेल. टपाल उघडायलाही त्यालाच सांगून ठेवा.

मुलांचं आधी ठरवा, आजी-आजोबा भारतातून येणार असतील तर त्यांच्या व्हिसाच्या तारखा आणि शाळेची संपर्क यादी. आजी-आजोबांना अर्धवट सांगून आणू नका. घरात काय चाललं आहे हे माहीत नसलेले आई-वडील मुलांच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाहीत.

वाटेत वेगळे झालात तर, आणि १८ महिने संपताना

उपचारांच्या काळात घटस्फोट झाला, तर ती दुसरी पात्र घटना (कोब्राचा हक्क देणारा प्रसंग) धरली जाते आणि जोडीदाराचा कोब्रा मूळ तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत वाढतो. पण त्यासाठी घटस्फोटापासून ६० दिवसांत योजनेला लेखी कळवावं लागतं. ही जबाबदारी कंपनीची नसते, तुमची असते. कंपनीने सगळ्याच कर्मचाऱ्यांची विमा योजना बंद केली, तर मात्र कोब्राही तिथेच संपतो.

१८ महिने पूर्ण झाले की मार्केटप्लेसमध्ये पुन्हा ६० दिवसांची विशेष नोंदणी मिळते. ती शेवटच्या दिवसाआधी ६० दिवस उघडते. सोळाव्या महिन्यात नव्या योजनांच्या यादीत आधी तुमचा औषध देणारा डॉक्टर आणि थेरपिस्ट आहेत का ते बघा, मग हप्ता बघा. ब्युप्रेनॉर्फिनच्या किंवा नॅल्ट्रेक्सोनच्या चिठ्ठीवरचं औषध जुन्या विम्याच्या शेवटच्या आठवड्यात घेऊन ठेवा, आणि नव्या योजनेत पूर्वमंजुरी लागत असेल तर तिचा अर्ज पहिल्याच दिवशी जाऊ द्या, दोघांसाठी वेगवेगळा.